मागे भरपूर जागा आहे

कुणाला हसायचं असेल तर खुशाल हसा. पण ग्लेनिस खोटं बोलत नाही, हे मी शपथेवर सांगेन. ऑस्ट्रेलियात मरे ब्रिजला आमच्या कुंपणाला लागून तिचं घर आहे, आणि तोंडावर खरं बोलून तिने अर्धी गल्ली दुखावून ठेवली आहे.

आणि ही रात्रीची गोष्ट नाही.

ऑगस्टमधला बुधवार होता. दुपारचे अडीच वाजले होते. कूबर पेडीच्या अलीकडे ओपल रत्नांच्या जुन्या खाणींचं एक माळरान आहे, तिथे लख्ख उन्हात हे घडलं.

ग्लेनिस ही मर्वची दुसरी बायको. पहिली कोरल. ती चार वर्षांपूर्वी दवाखान्यात वारली, मर्वचा हात हातात धरून. या प्रवासाला निघाले तेव्हा ग्लेनिसच्या लग्नाला दीड वर्ष झालं होतं. साठी ओलांडल्यावर थाटलेला संसार, त्याचं तिला फार अप्रूप. हा माणूस पुरता आपला व्हावा एवढंच तिला हवं होतं.

आणि तो होत नव्हता.

आडवी येत होती ती कॅरव्हान, गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर. मर्व आणि कोरल त्या कॅरव्हानमधून अकरा वर्षं देशभर हिंडले होते. आमच्याकडे कॅरव्हानच्या पाठीवर नवराबायकोची नावं आणि वायरलेसचा चॅनल लिहायची पद्धत आहे. मागून येणाऱ्याला त्यामुळे बोलता येतं. हिच्या पाठीवर निळ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘मर्व आणि कोरल, चॅनल १८’.

निघण्याआधी ग्लेनिसने ती अक्षरं खरवडून घेतली. पण सगळा पत्रा उन्हाने विटलेला, आणि अक्षरांखालचा रंग तेवढा नवाकोरा. नावं आधीपेक्षा ठळक दिसायला लागली.

मग काय, वाटेत मागून येणारा प्रत्येक ट्रकवाला वायरलेसवर हाक मारायचा. “काय मर्व, काय कोरल, जाऊ का पुढे?” मर्व हसून म्हणायचा, “जा बाबा.” एकदाही त्याने म्हटलं नाही की ही कोरल नाही. ग्लेनिसच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. मुक्कामाच्या जागी लोक तिच्याकडे बघून आधी गोंधळायचे आणि मग फारच गोड बोलायचे. त्या गोड बोलण्याचा तिला जास्त राग यायचा.

मंगळवारी वूमेराला मुक्काम पडला. मर्व अंघोळीला गेल्याचं बघून तिने पांढऱ्या रंगाचा डबा काढला आणि दोन हात मारून सगळी पाठ रंगवून टाकली. मर्व आला, त्याने पाहिलं, आणि मटणाचे चॉप्स खाऊन झोपून गेला. ग्लेनिसला वाटलं, जिंकले.

दुसऱ्या दिवशी वायरलेस गप्प होता. ट्रक मागून येत, पुढे जात. कुणीही हाक मारली नाही.

फक्त मधूनच... खर्र व्हायचं. कुणीतरी बटण दाबून धरलंय, पण बोलत नाहीये, असं.

“कोण आहे?” मर्वने दोनदा विचारलं.

पुन्हा नुसती खर्र.

दुपारी ते त्या माळरानावर वळले. मर्वची दरवेळची मुक्कामाची जागा ती. दोन पांढऱ्या ढिगाऱ्यांच्या मधली अरुंद पट्टी, आणि सगळीकडे जुन्या खाणींची तोंडं. माणूस आत गेला तर सापडायचा नाही इतकी खोल. वाटेवर पाटीच आहे : मागे न बघता मागे सरकू नका. इथलं पोरसुद्धा उलट्या पावलांनी चालत नाही.

आता, कॅरव्हान रिव्हर्स करताना एकाने मागे उभं राहून वॉकीटॉकीवर सांगायचं असतं. आमच्याकडे निम्मी भांडणं याच कामावरून होतात. ग्लेनिस-मर्वला तर रोज चार-पाचदा पुढेमागे करावं लागायचं. कोरल असताना एका दमात लागायची, हे मर्व रोज म्हणायचा नाही. पण चेहऱ्यावर लिहिलेलं असायचं.

“तू त्या ढिगाऱ्याच्या कडेला उभी राहा,” मर्व म्हणाला.

“कोरल कुठे उभी राहायची?”

“ती मागेच. पण तिला इथली जागा पाठ होती, ग्लेनिस. तू नको.”

झालं. ग्लेनिस तडक पट्टीच्या टोकाला, बरोबर मागे जाऊन उभी राहिली.

मर्वने गाडी मागे घ्यायला सुरुवात केली. ग्लेनिसने बटण दाबलं. “थोडी डावीकडे.”

कॅरव्हान उजवीकडे वळली. आणि सुरेख, सरळ रेषेत आत शिरली.

“हं, बास आता,” ती म्हणाली.

कॅरव्हान थांबली नाही.

ती चार पावलं मागे सरली. “मर्व, थांब.”

कॅरव्हान येतच होती. सावकाश, अगदी विश्वासाने. दोन्ही बाजूंना भुसभुशीत ढिगारे, चढायला गेलं तर पाय रुतणार. ती आणखी मागे सरली. पाटी तिने वाचली होती. त्या क्षणी आठवली नाही.

तिने बटणावरचं बोट काढलं.

आणि तिच्या हातातल्या वॉकीटॉकीतून... बाईचा आवाज आला.

शांत. प्रेमळ. कसलीही घाई नसलेला.

“ये... अजून ये. मागे भरपूर जागा आहे.”

ग्लेनिसने वॉकीटॉकी तोंडाशी धरला. ती बटण दाबून ओरडली. तिचं ओरडणं त्याच्यापर्यंत गेलंच नाही.

“ये, राजा... अजून थोडं.”

आणि मग मर्वचा आवाज. “आलो, राणी.”

दीड वर्षात त्याने ग्लेनिसला एकदाही राणी म्हटलं नव्हतं. ती मला म्हणाली, त्या क्षणी भीती गेली आणि नुसती आग उठली. ती होती तिथेच थांबली. मागचा बंपर गुडघ्याला टेकला. तोल जाऊन ती खाली बसली. टेकायला मागे टाकलेला हात... कुठेच टेकला नाही.

खाली पोकळी होती. गार हवा वर येत होती.

“बस,” बाई म्हणाली. “छान.”

कॅरव्हान थांबली.

दार उघडलं. मर्व हसत हसत मागे आला, आणि तिला खाणीच्या तोंडाशी बसलेली बघून पांढराफटक पडला. त्याने तिला ओढून बाहेर घेतलं, छातीशी धरलं, पन्नासदा माफी मागितली. ग्लेनिसने त्याच्या तोंडाकडे पाहिलं. त्याचे डोळे ओले होते. पण गाल आधीच भिजून सुकलेले होते.

“कुणाचा आवाज होता तो?” तिने विचारलं.

“तुझाच. आणखी कुणाचा असणार?”

“मर्व.”

तो तिच्या कपड्यांवरची धूळ झटकायला लागला.

“ती ‘बस’ म्हणाली नसती तर तू थांबला असतास?”

 तो अगदी हळू आवाजात म्हणाला, “तिने सांगितलंच असतं गं. कोरल तशी नव्हती.”

ग्लेनिस मला म्हणाली, “मी मरणाच्या दारातून आले होते. आणि त्याने बाजू कुणाची घेतली, बघ.”

खुन्नस म्हणून तो आवाज आला, की तिला वाचवायला, मला सांगता येत नाही. वायरलेस दोनदा तपासून आणला. त्यात काहीही बिघाड निघाला नाही.

परवा ग्लेनिस माझ्याकडे चहाला आली होती. मर्व आदल्या दिवशीच कॅरव्हान घेऊन उत्तरेकडे गेलाय, म्हणाली. हिला म्हणाला, तू दमतेस, तू घरीच आराम कर.

“एकटाच?” मी विचारलं. “मग मागे उभं राहून सांगणार कोण?”

तिने कप बशीत ठेवला.

“प्रवासात हा माणूस कधी दाढी करत नाही,” ती म्हणाली. “काल सकाळी निघण्याआधी त्याने दोनदा केली.”