कंपनांचा विचार केलेला दिसत नाही

"थांबा! बॅग ठेवू नका... प्लीज. हलेल."

ती बॅग अधांतरी धरून तशीच उभी राहिली. चहाच्या दुकानात दुपारी चार वाजता एकच टेबल अर्धं रिकामं होतं, बाहेर पाऊस आडवातिडवा झोडपत होता, आणि त्या टेबलाशी एक तरुण दोन्ही हात मांड्यांखाली दाबून स्वतःच्याच चहाच्या कपाकडे टक लावून बसला होता.

"काय हलेल?"

"चहा."

रस्त्यावरून एक ट्रक धडधडत गेला. कपातल्या चहावर बारीक वर्तुळं उमटली, काठाला लागली आणि विरली. त्यानं सुस्कारा सोडला, वर बघितलं, आणि असं काही हसला की तिला बॅगेचा विसरच पडला.

"आता ठेवा. माफ करा हं... वेडा वाटलो असेन."

"अगदीच नाही," ती म्हणाली. "थोडासा."

आता खरं सांगायचं तर वेडे तिला नवे नव्हते. समोरच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, सेमीकंडक्टर आणि इंजिनीअरिंग संशोधनाला सरकारी अनुदान देणारा जो विभाग होता, तिथे ती अधिकारी होती. कुठे हे सांगितलं की समोरचा माणूस अर्ज काढून बसायचा, म्हणून बाहेर पडताना ती गळ्यातलं ओळखपत्र न चुकता स्वेटरच्या आत सारायची. आजही सारलं होतं.

"समोरच्या इमारतीत असता?" त्यानं विचारलं. "काय करता?"

"फायली इकडच्या तिकडे करते."

"वा! म्हणजे फायलीवाली. आणि मी कंपनवाला." तो शहराच्या दुसऱ्या टोकाच्या इंजिनीअरिंग कॉलेजात शिकवायचा. चिपमध्ये उष्णता नेमकी कुठे साठते, ते प्रकाशानं मोजायचं हा त्याचा ध्यास. सुट्टी काढून रोज जवळच्या वाचनालयात नवा अर्ज लिहायला यायचा. "गेल्या वर्षी नाकारला माझा अर्ज. पण काय नाकारलाय म्हणून सांगू! एका ओळीत." त्यानं खिशातून घडी घालघालून मऊ झालेला कागद काढला आणि पाठ असूनही वाचून दाखवला. "कंपनांचा विचार केलेला दिसत नाही."

"बरं, मग?"

"मग काय? तीन वर्षं मी त्या प्रयोगशाळेत काम करतोय, मला हे कधी सुचलं नाही. आणि या माणसानं नुसता अर्ज वाचून बसल्या जागी ओळखलं! म्हातारे असणार कुणीतरी, पांढऱ्या झुपकेदार मिशांचे. मी त्यांना मिशीवाले आजोबा म्हणतो."

तिचा हात आपसूक ओठांवर गेला.

कारण ती ओळ तिची होती. प्रत्येक अर्जावर तीन परीक्षक पानंच्या पानं लिहायचे आणि त्याचा अर्क काढून अर्जदाराला एका ओळीचा शेरा पाठवायचा, हे तिचं काम. एकशे बारा अर्ज, एकशे बारा ओळी, आणि आजवर एकाही ओळीचं कुणी कौतुक केलं नव्हतं. त्या दिवशी ती जिने चढून वर गेली ती गुणगुणतच.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहजच, आपलंच कौतुक पुन्हा चाखावं म्हणून, तिनं त्याच्या अर्जाची फाईल उघडली.

अर्ज क्रमांक एक्केचाळीस. तिन्ही परीक्षकांनी भरभरून लिहिलं होतं. यंत्रांची यादी तेवढी अपुरी म्हणून अर्ज जेमतेम हुकला होता. कंपन हा शब्द कुठेच नव्हता. तिनं घाईघाईनं बेचाळीस उघडला. हमरस्त्याला लागून असलेली प्रयोगशाळा, आणि तिघेही परीक्षक एकमुखानं विचारत होते की बाबा रे, दारावरून ट्रक जातात त्याचं काय? एक्केचाळीसचा खरा शेराही तिनंच लिहिलेला होता. 'कल्पना फार चांगली. यंत्रांची यादी पूर्ण करून पुढच्या फेरीत जरूर यावे.' तो बेचाळीसला गेला होता.

तक्त्यातल्या दोन ओळींची अदलाबदल. तिला तो दिवसही आठवला. पाचाला दहा मिनिटं कमी, वहिनीचा फोन, "अगं, चपलांचा सेल आज संपतोय, निघालीस का?" आणि तिनं न तपासता 'पाठवा'वर बोट दाबलं होतं.

तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या. खोलीत कुणी नव्हतं, तरी तिनं फाईल अशी झटकन मिटली की जणू कुणी तिला चोरी करताना बघितलंय.

त्याच दिवशी चार वाजता खाली जाऊन सांगायचं, हे तिनं ठरवलं. गेलीसुद्धा. पण त्यानं तिच्यासाठी खुर्ची ओढून ठेवली होती, चहा बशीनं झाकून ठेवला होता, आणि "आलात? मला वाटलं आज फायलींनी अडवलं," म्हणाला, तेव्हा तिनं नुसती बशी उचलून चहा प्यायला सुरुवात केली. उद्या सांगू, असं ती मनाशी म्हणाली. तो उद्या रोज एक दिवस पुढे सरकत गेला.

आणि या सरकत्या दिवसांत व्हायचं ते होत होतं. तो तिच्यासाठी खिडकीची बाजू सोडायचा. तिच्या केसांवरचं पाणी टेबलावर टपकलं की "बघा, भूकंप केलात," म्हणायचा. ती हसायची, आणि हसता हसता नजर चहात बुडवायची.

"काय गं, हल्ली आरशात बघून लाजतेस काय," वहिनी म्हणाली, "आणि लगेच रडवेली होतेस काय! धड एक काहीतरी कर की."

"वहिनी, तू ना... गप्प बस."

"माझी लाडकी वन्सं, मी गप्प बसले असते तर तुझा दादा अजून बिनलग्नाचा असता." पण त्या दिवशी तिला थट्टाही सोसवली नाही. दाराशी नीट मांडून ठेवलेल्या त्या चपलांकडे बघायचीसुद्धा तिला लाज वाटत होती.

आठव्या दिवशी त्यानं तिला प्रयोगशाळा दाखवायला नेलं.

तळघरातली खोली. मध्ये एक जड दगडी फरशी, त्यावर यंत्र, आणि फरशीखाली सायकलच्या हवा भरलेल्या ट्यूबा, एकीवर एक. "वरची सुरेख उजेडाची खोली सोडून इथे आलो," तो अभिमानानं म्हणाला. "सगळं स्वतः उचललं. ट्यूबा विद्यार्थ्यांच्या सायकलींच्या. आता मोजतो हं... दिवा घालवतो. श्वास रोखा."

अंधारात एक हिरवा ठिपका तेवढा उरला. दोघंही श्वास रोखून उभे राहिले, खांद्याला खांदा लागेल न लागेल असे. तिला स्वतःच्या छातीची धडधड ऐकू येत होती, आणि त्या यंत्राला ती कळेल की काय, अशी भीती वाटत होती. मग त्यानं श्वास सोडला, तिनंही सोडला, आणि दोघं एकदमच हसले.

"फरक पडला का?" तिनं हळूच विचारलं. "म्हणजे... ट्यूबांनी?"

त्यानं दिवा लावला. "नाही. काहीच नाही. वरची खोली मुळातच शांत असावी. पण आजोबा उगाच नाही म्हणणार. मलाच काहीतरी दिसत नाहीये." त्यानं अर्जाचा मसुदा तिच्या हातात दिला. तीस पानांची मर्यादा, त्यातली एकोणीस पानं कंपनांवर. "परवा, शुक्रवारी मुदत... अनुदान मिळो न मिळो, त्या आजोबांना एकदा भेटायचंय मला. वाकून नमस्कार करणार आहे."

मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय, ते तिला त्या तळघरात कळलं. हा अर्ज असाच गेला तर परीक्षक कपाळाला हात लावतील आणि पुन्हा नाकारतील, आणि तो पुन्हा त्या ओळीला शहाणी समजून स्वतःला दोष देत बसेल. मुदत चालू असताना एखाद्या अर्जदाराच्या कानात सल्ला कुजबुजणं नियमात बसत नव्हतं. एकच रस्ता होता, आणि तो मोठ्या बाईंच्या केबिनमधून जात होता.

मोठ्या बाई म्हणजे विभागाच्या संचालक. चष्म्यावरून बघायच्या आणि कमी बोलायच्या. गुरुवारी सकाळी त्यांनी सगळं ऐकून घेतलं. चपलांपर्यंत सगळं.

"दोघांनाही दुरुस्तीचं पत्र आज संध्याकाळी जाईल. बेचाळीसच्या प्राध्यापकांना फोन तू कर, आणि ते जे बोलतील ते ऐकून घे." त्यांनी चष्मा काढला. "चूक झाली ती झाली. पण तू इतकी लाल का झालीयस?"

तिनं मान खाली घातली.

"असं होय." बाईंनी खणातून एक छापील फॉर्म काढून पुढे सरकवला. 'हितसंबंधांची घोषणा.' "भर. त्याचा अर्ज दुसऱ्याकडे जाईल."

प्राध्यापकांनी पाऊण तास खरडपट्टी काढली. ती उभ्यानं ऐकत राहिली. ते सोपं होतं.

चार वाजता चहाच्या दुकानात त्यानं खुर्ची ओढून ठेवली होतीच. ती बसली नाही.

"मिशीवाले आजोबा नाहीयेत," ती म्हणाली. "मीच आहे."

आणि मग एका दमात सगळं सांगितलं. एक्केचाळीस, बेचाळीस, दोन ओळी. संध्याकाळी पत्र येईल हेही. स्वेटरमधून ओळखपत्र काढून टेबलावर ठेवलं. त्यानं ते वाचलं, उलटं करून बघितलं, परत ठेवलं.

"म्हणजे... कंपनं नव्हतीच?"

"नव्हतीच."

"कशाची एवढी घाई होती त्या दिवशी?"

खोटं सांगायची फार इच्छा झाली तिला. "चपला... घ्यायच्या होत्या. सेल होता."

त्यानं खाली बघितलं. "याच?"

"...याच."

धरणीनं पोटात घ्यावं असं वाटलं. पावलं कुठे लपवावीत तेही सुचेना. दुकानातला पोऱ्या की मालक, कुणीतरी काहीतरी विचारून गेलं, तिला ऐकू आलं नाही.

"हात चुकतो माणसाचा," तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता, त्यामुळे जास्तच लागत होतं. "वर्षाचं मला काही वाटत नाही. पण हे नऊ दिवस? माझ्यासमोर बसून... मी आजोबा आजोबा करत होतो, आणि तुम्ही ऐकत होतात. काल तळघरातसुद्धा."

"मला... लाज वाटत होती."

"लाज मला वाटतेय आता," तो म्हणाला, आणि भर पावसात छत्री विसरून निघून गेला.

ती छत्री घेऊन वर आली. फॉर्म टेबलावर तसाच होता. 'अर्जदाराशी आपला काही वैयक्तिक संबंध आहे काय?' तिनं 'होय'वर खूण केली. 'असल्यास संबंधाचे स्वरूप.' पुढे दीड ओळीची जागा. तिनं पेन उचललं, ठेवलं, पुन्हा उचललं. खोटेपणाचा तिला उबग आला होता. तिनं स्वच्छ अक्षरात लिहिलं, 'प्रेम. एकतर्फी.' आणि खाली सही केली. सरकारी फॉर्मवर असलं काही लिहिणारी जगात आपण एकटीच, या विचारानं तिनं ओंजळीत तोंड लपवलं.

शुक्रवारी चारपर्यंत तो आला नाही. साडेचारला नाही. पाचाला दहा मिनिटं कमी असताना मोठ्या बाईंनी तिला आत बोलावलं.

"एक्केचाळीसवाल्याचा अर्ज आला. तुला तो दिसायचा नाही, दिसणारही नाही. बारा पानांचा आहे एवढंच सांगते." बाईंच्या ओठांच्या कडेला काहीतरी हललं. "पण हितसंबंधांचा फॉर्म अर्जदारालाही भरावा लागतो. तो तुला बघावा लागेल, कारण गडबड आहे. तुमच्या दोघांपैकी एकाची माहिती खोटी आहे."

ती टेबलावर वाकली. दोन फॉर्म शेजारी शेजारी ठेवलेले होते. त्याचं अक्षर तिरकं, घाईतलं.

'विभागातील कोणाशी वैयक्तिक संबंध आहे काय?' होय. 'कोणाशी?' फायली इकडच्या तिकडे करणाऱ्या एका बाईंशी. 'केव्हापासून?' त्यांनी टेबलावर बॅग ठेवली तेव्हापासून. 'स्वरूप.' आणि इथे दीड ओळ पुरली नव्हती म्हणून समासात लिहिलं होतं. 'सध्या रागावलो आहे. राग नऊ दिवस टिकवायचा विचार होता, एकच टिकला. माझी छत्री त्यांच्याकडे आहे. घेऊन जरूर यावे.'

तिनं ते दोनदा वाचलं. अक्षरं पुसट झाली, कारण डोळे भरले होते.

"एकतर्फी म्हणे," मोठ्या बाई म्हणाल्या. "शेरे तरी धड लिहायला शीक आता. दुरुस्त कर. खोडशील तिथे सही करायची, नियम आहे."

तिनं 'एकतर्फी'वर एक आडवी रेघ मारली. बाजूला सही केली. 

छत्री होती तरी ती न उघडताच तिनं रस्ता ओलांडला. तो त्याच टेबलाशी होता, समोर दोन कप, एकावर बशी झाकलेली. त्यानं वर बघितलं. हसला नाही, पण खुर्ची पायानं हळूच बाहेर ढकलली.

"मी..." तिनं छत्री टेबलाला टेकवली. "मला अजून फार लाज वाटतेय."

"वाटू दे थोडी. मलाही वाटतेय. समासात काय काय लिहून बसलो." त्यानं तिच्या ओल्या चपलांकडे बघितलं. "चांगल्या आहेत गं तशा."

त्या एका 'गं'नं तिचा बांध फुटला, आणि ती रडता रडता हसली. बाहेरून एक ट्रक येत होता. तिनं बॅग हातात अधांतरी धरली.

"ठेवू? चहा... हलेल."

"ठेव," तो म्हणाला. "हलू दे."