एका शब्दाला एक चमचा

त्या दुपारी मी भावाची नखं कापायला गेले होते, एवढंच. संस्थेतल्या नर्स त्याचं सगळं नीट करायच्या, दाढी करायच्या, दर थोड्या वेळानं कूस बदलायच्या. पण नखं म्हणाल तर आनंदीआनंद. मी शिवणकाम करणारी बाई. कात्री वेडीवाकडी चाललेली मला बघवत नाही.

घरात त्याला आम्ही पोपट म्हणायचो. त्याच्या तोंडाला कुलूप म्हणून नव्हतं. दुकानांच्या पाट्या रंगवायचा आणि रंगवता रंगवता रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येकाशी गप्पा हाणायचा. एकदा असाच बोलता बोलता परांचीवरून खाली आला. मेंदूच्या मुळाशी रक्त साकळलं आणि हात, पाय, जीभ, पापण्या, सगळं एका क्षणात गेलं. डॉक्टर म्हणाले, आतला माणूस शाबूत आहे, फक्त त्याला बाहेर यायला दार नाही. श्वासाचं यंत्र चालू ठेवायचं की काढायचं, हे त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, ठेवा. तेव्हापासून एकच प्रश्न माझं काळीज कुरतडत होता. पोपटाला असं जगायचंय का? आई गेली, वडील गेले, विचारणार कोणाला? ज्याला विचारायचं तो तर समोर लाकडासारखा पडलेला.

म्हणून मी या संस्थेच्या पायऱ्या झिजवल्या. इथे माणसाच्या मेंदूत नखाएवढी चकती बसवतात. मनात आलं की पडद्यावरचा ठिपका हलतो, एकेका अक्षरावर टेकतो, शब्द पुरा झाला की यंत्र तो बोलतं. माझ्या फोनमध्ये पोपटाचे जुने निरोप होते. त्यातून त्यांनी यंत्राला त्याचा आवाजसुद्धा दिला.

पोपटाच्या आधी तशीच चकती एका माकडाच्या डोक्यात बसवली होती. मोठ्या डॉक्टरबाईंनी मला तळमजल्यावर नेऊन ते माकड दाखवलं होतं. खुर्चीत बसवलेलं, मान लोखंडी पट्टीत, समोर पडदा. ठिपका जागेवर नेला की तोंडाशी असलेल्या नळीतून घोटभर पाणी. सगळे त्याला म्हातारबा म्हणायचे. मी विचारलं, "बाई, याला एरवी पाणी देत नाही?" त्या म्हणाल्या, "पोटभर दिलं तर तो काम कशाला करेल?" खोलीत ओल्या लोकरीसारखा वास होता. म्हातारबा माझ्याकडे बघत होता आणि त्याचे ओठ सारखे हलत होते. मी नजर वळवली. पण खरं सांगते, मी मनात म्हटलं, माझा भाऊ बोलणार असेल तर असे शंभर तहानलेले राहू देत. पुढे त्याचा मेंदू तपासायचा म्हणून त्याला कायमचं झोपवलं.

तर त्या दुपारी. पोपटाच्या खोलीत यंत्र सांभाळणारा मुलगा डोकं धरून बसला होता. जाड भिंगांमुळे मी त्याला चष्मिस म्हणायचे. पोपटाचा ठिपका कित्येक दिवस जागचा हललाच नव्हता. शुक्रवारी वरिष्ठ येणार होते आणि ठिपका हलला नाही तर पोपटाला प्रयोगातून काढणार होते.

"ताई, एक करता येईल," तो हळूच म्हणाला. "मेंदूची खूण ओळखणारा प्रोग्राम आपण तुमच्या भावासाठी कोरा घेतलाय. तो शिकायला वेळ लागतो. म्हातारबावर शिकलेला प्रोग्राम माझ्याकडे आहे. तो इथे चढवला तर... पण असं करायची परवानगी नाही. एकाचं वळण दुसऱ्याला लावत नाहीत."

"का नाही लावत?"

"तसा नियम आहे."

बुडत्याला काडीचा आधार. मी म्हटलं, "चढव."

त्यानं चढवला. ठिपका थरथरला आणि सरसर धावत पडद्याच्या कोपऱ्यात जाऊन थांबला. चष्मिस आनंदानं टाळी वाजवणार होता, तेवढ्यात ठिपका परत फिरला आणि एकेका अक्षरावर टेकत गेला.

"पाणी," माझा भाऊ म्हणाला.

त्याचाच आवाज. मला रडू फुटलं. चष्मिस मात्र पांढराफटक पडला. "ताई, यांना पोटातल्या नळीतून पाणी चालू आहे. यांना तहान लागायचं कारणच नाही."

"पाणी," पुन्हा आवाज आला. "पाणी. पाणी."

"तोंडातून देऊ नका हं. यांना गिळता येत नाही, थेट छातीत जाईल. मी बाईंना बोलावतो." एवढं बोलून तो धावत सुटला.

खोलीत मी आणि पोपट. श्वासाच्या यंत्राचा भाता चालू होता. आणि मला तो वास आला. ओल्या लोकरीचा.

"पाणी..."

मला राहवलं नाही हो. कोणाला राहवेल? माझ्या बाटलीतलं चमचाभर पाणी मी त्याच्या ओठांना लावलं. जे ओठ इतके महिने हलले नव्हते, ते पुढे आले आणि त्यांनी चमचा ओढून घेतला. थेंबही सांडला नाही. मी गळ्याकडे बघत होते. गळा हलला नाही.

"ताई," पोपट म्हणाला.

"पोपट! तूच ना रे? माझ्या शिलाई मशीनला तू काय नाव ठेवलं होतंस?"

ठिपका कोपऱ्यात जाऊन बसला. मी दुसरा चमचा दिला. तेव्हा कुठे तो हलला.

"भुंगी."

हे त्याच्याशिवाय कोणाला माहीत नव्हतं. मी त्याच्या छातीवर डोकं टेकून रडले. मग मला कळलं, की शब्द फुकट मिळत नाहीये. एका शब्दाला एक चमचा.

"पाणी तू मागतोयस का?" चमचा.

"नाही." चमचा.

"म्हातारा." चमचा. "माझ्या." चमचा. "पुढे." चमचा. "बसलाय."

तरी मी उठले नाही. बाटलीत तळाशी थोडंसं उरलं होतं. मी त्याच्या कानाशी वाकले.

"पोपट, मी ते श्वासाचं यंत्र चालू ठेवलं. चुकलं का रे माझं? तुला जगायचंय ना?"

उरलेलं सगळं पाणी मी पाजलं. ठिपका कोपऱ्यातून निघाला, अर्ध्या वाटेवर थांबला आणि परत कोपऱ्यात गेला.

"पाणी."

दार उघडून डॉक्टरबाई आत आल्या, मागोमाग चष्मिस. माझ्या हातात चमचा. त्या कडाडल्या, "अहो, जीव घ्यायचाय का भावाचा?" लगेच छातीचा एक्स-रे काढायचं यंत्र आणवलं. चित्र त्यांनी दोनदा निरखून बघितलं. मग हातमोजा घालून त्यांनी पोपटाच्या तोंडात बोट फिरवलं.

"छाती स्वच्छ आहे," त्या म्हणाल्या. "आणि तोंड कोरडंठाक. यांना थेंबभरही पाणी मिळालेलं नाही. खरं सांगा, कुठे सांडलंत?"

बाटली रिकामी होती. उशी कोरडी, चादर कोरडी, फरशी कोरडी.

"बाई, त्या म्हातारबाला जाताना तरी पोटभर पाणी दिलं होतं का?"

त्यांना प्रश्न आवडला नाही. "भूल द्यायच्या आधी पाणी बंदच ठेवावं लागतं. माणसांनाही तोच नियम आहे."

"त्याला सांगितलं होतं का, का बंद आहे ते?"

"माकडाला काय सांगणार?"

"आणि त्याच्याआधी किती जण होते?"

"होते पुष्कळ. त्यांच्यामुळेच तुमचा भाऊ आज बोलला, हे विसरू नका." त्यांनी खुशीत चष्मिसच्या पाठीवर थाप मारली. प्रोग्रामबद्दल तो बोलला नाही. मीही नाही. बोलले असते तर त्यांनी तो काढला असता आणि माझा भाऊ पुन्हा मुका झाला असता.

दुसऱ्या दिवशी मी घरून पाण्याचा मोठा जग भरून नेला. चष्मिसला म्हटलं, तू दाराबाहेर उभा राहा आणि कोणाला आत सोडू नको. तो बिचारा आधीच घाबरलेला, त्याला बाहेरच बरं वाटलं. मी बसले. आज काहीच विचारायचं नाही, नुसतं पाजायचं. चमच्यामागून चमचा. हात भरून आला तरी थांबले नाही. "पी बाबा," मी म्हणत होते, "मी तुझी अपराधी आहे, पोटभर पी, पण माझ्या भावापुढून ऊठ."

जग निम्मा झाला तेव्हा तोंडाशी नेलेला चमचा तसाच भरलेला राहिला. ओठ मिटलेलेच होते.

"ताई," पोपट म्हणाला. न मागता. "तो उठला."

तीन शब्द, आणि एकही चमचा नाही! मला वाटलं, सुटलो. मी त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला. "आता सांग रे राजा. तुला जगायचंय ना? तू म्हणशील तसं करेन मी. फक्त सांग."

ठिपका निघाला. अक्षरामागून अक्षर, सावकाश, पाटी रंगवताना तो करायचा तसं.

"ताई, मला..."

आणि ठिपका थरथरला. सरसर धावला आणि कोपऱ्यात जाऊन बसला.

"पाणी."

"अरे, आत्ताच तर त्याचं भागलं ना?" मी ओरडले. "आता कोण?"

मी चमचा दिला.

"माकडीण." चमचा. "आधी." चमचा. "हिच्या." चमचा. "पिल्लाला."

मी जगमधल्या उरलेल्या पाण्याकडे बघितलं. दाराबाहेर चष्मिस विचारत होता, ताई, सगळं ठीक आहे ना? मी म्हटलं, ठीक आहे, येऊ नकोस. मग चमचा भरून पुढे केला. आतापर्यंत एक थेंब सांडला नव्हता. या वेळी ओठ चमच्याच्या नुसत्या टोकाला लागले, चोखताना चुकले आणि अर्धं पाणी माझ्या मनगटावर ओघळलं. दुसरा चमचा भरायला मी हात मागे घेतला, तर तो येईना. माझी करंगळी कोणीतरी धरून ठेवली होती, तान्ही मुलं धरतात तशी. पोपटाचे दोन्ही हात चादरीखाली होते.