फटफटी गेली त्या वर्षी

जानेवारीतल्या त्या सकाळी धुक्यात बस हरवली की काय कोण जाणे, पण आली नाही ती नाहीच. ऑफिसला उशीर होत होता. शेवटी उल्का कॅनॉट प्लेसच्या स्टँडवर नाइलाजानं फटफटीत चढली... आणि चढल्या चढल्या पस्तावली.

फटफटी म्हणजे पुढून मोटारसायकल आणि मागून पत्र्याचा डबा. महायुद्ध संपल्यावर लष्करानं लिलावात काढलेल्या मोटारसायकलींना कुणीतरी मागे दोन चाकं आणि बाकं जोडली होती, आणि त्या कॅनॉट प्लेस ते करोलबाग अशा पन्नास वर्षं धडधडत होत्या. सहा जणांच्या जागेत आठ जण बसत. इंजिनाचा आवाज असा, की शेजारच्याशी बोलायचं तरी ओरडावं लागे.

"हाडं खिळखिळी करून सोडणार हा मेला," उल्का पुटपुटली. ओठातल्या ओठात, आणि मराठीत.

"करोलबागेला परत जोडून देतो, मॅडम!" पुढून आरोळी आली.

उल्का दचकली. हँडलच्या आरशात दोन डोळे हसत होते. बाकी चेहरा मफलरमध्ये होता.

"तुम्ही... मराठी?"

"साताऱ्याकडचा. वडील फौजेत होते, इथं छावणीतच वाढलो. कृष्णात म्हणतात मला."

"पण एवढ्या आवाजात तुम्हाला ऐकू कसं आलं?"

आरशातले डोळे क्षणभर बाजूला झाले. मग परत आले.

"तुमचं आलं खरं," तो म्हणाला.

त्या एका वाक्यानं सगळा घोटाळा केला. दुसऱ्या दिवशी बस वेळेवर आली, तरी उल्कानं ती जाऊ दिली.

उल्का सव्वीस वर्षांची. करोलबागेतल्या एका सरकारी ऑफिसात कारकून होती. आई नव्हती. आर. के. पुरमच्या क्वार्टरमध्ये ती आणि तिचे बाबा, शांताराम, अशी दोघंच राहत. बाबा मार्चअखेर रिटायर होणार होते. मग क्वार्टर सोडायचं, पुण्याला जायचं, उल्कानं बदली मागायची, पुण्यात स्थळं बघायची, असं बाबांनी ठरवून टाकलं होतं. तिला कुणी विचारलं नव्हतं, आणि तिनंही आजवर नाही म्हटलं नव्हतं.

आता रोज सकाळी बाकाचा पुढचा कोपरा तिच्यासाठी रिकामा असे. तिथं एक घडी घातलेलं ब्लँकेटही आलं होतं — हाडांसाठी, तो म्हणे. तो सगळं ओरडूनच बोलायचा. पण तिला मात्र ओरडावं लागायचं नाही. ती हळू बोलायची आणि त्याला कळायचं. फक्त तिचंच कळायचं! फेब्रुवारीत दोन दिवस थंडगार झिमझिम लागली, तेव्हा ताडपत्रीच्या कडेवरून पाणी तिच्या खांद्यावर गळत होतं. सिग्नलला थांबून त्यानं आपला मफलर मागे दिला.

"आज केस मोकळे?"

"वाळले नाहीत म्हणून."

"मग रोज नका वाळू देऊ."

"पुढे बघा, पुढे! आरशात काय बघताय सारखं?"

"पुढे काय, रस्ता आहे... रोजचाच."

उल्का गालातल्या गालात हसली, आणि तेही त्याला दिसलं.

एकच गोष्ट तिला खटकायची. उतरून मागून हाक मारली, तर तो वळायचाच नाही. किक मारायचा आणि जायचा. भाव खातो, असं तिला वाटे, आणि त्या भाव खाण्यावरही ती मनातून खूष असे. बाकीच्या सवाऱ्या तर त्याच्याशी बोलायच्याच नाहीत. उतरायचं झालं की पत्र्यावर थाप मारायची. ती थाप त्याला सीटखालून जाणवे, आणि फटफटी जागच्या जागी उभी राही.

मग फटफट्या बंद करण्याचा कोर्टाचा हुकूम आला. फार धूर ओकतात, फार जुन्या झाल्यात. जुनी गाडी मोडीत काढली की कारखान्यात बनलेल्या नव्या तीनचाकीचं परमिट मिळणार होतं, सोबत चालक तंदुरुस्त असल्याचा डॉक्टरचा दाखला लागणार होता. कृष्णातची फटफटी त्याच्या वडिलांनी, हिंमतरावांनी, फौजेतून सुटल्यावर घेतलेली. भंगारवाल्यानं गॅसच्या ज्योतीनं तिचे दोन तुकडे केले, तेव्हा म्हातारे हिंमतराव उन्हात टोपी काढून उभे होते.

नवी गाडी आली. काळी-पिवळी, चकचकीत. चालकाच्या पुढे काच, डोक्यावर छप्पर, मऊ सीट, सहा सवाऱ्यांना दोन बाकं. आरसे दोन, पण दोन्ही बाहेर, रस्ता दाखवणारे. रविवारी पहिली सवारी म्हणून त्यानं उल्काला रिज रोडवर फिरवून आणलं. सावरीची लाल फुलं रस्त्यावर पडली होती. गाडी अशी अलगद चालली होती, की पाखरांचा आवाज आत येत होता. उल्का त्याच्या पाठीमागे बसली होती. इतक्या शांततेत तिला धीर आला.

"कृष्णात... मला पुण्याला जायचं नाही. मी बाबांना सांगते. आपण लग्न करू या?"

तो समोर बघत, बोटांनी हँडलवर ताल धरत गाडी चालवत राहिला.

उल्काचे कान तापले. एक वळण गेलं, दुसरं गेलं. रस्ता संपला तेव्हा त्यानं वळून हसत विचारलं, "कशी वाटली गाडी?"

"चांगली आहे," ती म्हणाली, आणि त्याच्याकडे न बघता उतरून चालू लागली.

त्यानंतर दोन आठवडे ती बसनं गेली. बदलीचा अर्जही भरून टाकला. पण नकार तोंडावर तरी द्यायला हवा होता, हे डोक्यातून जाईना. शेवटी एका संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर ती त्याच्या गाडीत जाऊन बसली, बरोबर त्याच्या पाठीमागे. गाडी सवाऱ्यांनी भरली होती. तिला बघून त्याचा चेहरा उजळला. तिनं मान फिरवली.

पंचकुइयां रोडवर फर्निचरच्या दुकानांपाशी एका म्हातारीला उतरायचं होतं. तिनं सांगितलं. गाडी पुढेच गेली. मग सिग्नलला गाडी थांबली, तशी म्हातारी पिशवी सांभाळत उतरायला लागली. एक पाय जमिनीवर, एक अजून आत. साडीचा पदर बाकाच्या कडीत अडकला होता. सिग्नल सुटला.

"रुको! अरे रुको!" सगळे ओरडले.

"कृष्णात, थांबवा!" उल्का किंचाळली. त्याच्या मानेपासून तिचं तोंड वीतभरही लांब नव्हतं.

तो वळला नाही. कुणीतरी पत्र्यावर दणादण थापा मारल्या. पण नव्या गाडीच्या मऊ सीटखाली त्यातली एकही पोचली नाही. म्हातारी रस्त्यावरून फरफटत होती. उल्कानं दोन्ही हातांनी त्याचे खांदे धरून मागे ओढले, तेव्हा कुठे त्यानं ब्रेक मारला, आणि गोंधळून तिच्याकडे पाहिलं. तिच्या ओठांकडे.

त्या क्षणी उल्काला सगळं कळलं. आरशातले डोळे, मागून मारलेल्या हाका, रिज रोड. सगळं.

सरकारी इस्पितळाच्या व्हरांड्यात दोघं बाकावर बसली होती. म्हातारीचं कमरेचं हाड मोडलं होतं, डोक्याला मार होता. उल्कानं मान भिंतीकडे वळवून विचारलं, "तुम्हाला ऐकू येत नाही ना?"

उत्तर आलं नाही. मग तोंड त्याच्याकडे करून तिनं तेच परत विचारलं.

कृष्णातनं मान खाली घातली. "अकरा वर्षं ते इंजिन पायाशी होतं. आधी डावा कान गेला. आता उजव्यातही नुसती भिंगरी फिरल्यासारखं वाजतं. ज्याचं तोंड दिसतं त्याचं कळतं."

"आणि डॉक्टरचा दाखला?"

"डॉक्टर मागे उभा राहून, कागदात बघत आकडे म्हणत होता. श्याम दारात होता, माझा स्टँडवरचा दोस्त. बोटं दाखवत गेला, मी बोलत गेलो."

"म्हणजे आरशात तुम्ही... माझे ओठ वाचत होता. मी उगाच काय काय समजले."

"पहिले चार दिवस वाचत होतो," तो अगदी हळू म्हणाला. एवढं हळू बोलताना तिनं त्याला प्रथमच पाहिलं. "नंतर तुम्ही गप्प बसलात, तरी बघायचो."

उल्का त्याच्याकडे नीट वळून बसली.

"त्या रविवारी मी तुम्हाला लग्नाचं विचारलं होतं."

त्यानं तिच्या तोंडाकडे पाहिलं, मग हातांनी स्वतःचं तोंड झाकून घेतलं. हात काढून म्हणाला, "आणि आता?"

"आता पोलीस काय विचारतायत ते आधी. बाकीच्या सवाऱ्या पळाल्या. नाव-पत्ता माझाच लिहून घेतलाय."

"स्टँडवरचे म्हणतात, सांगून टाक — म्हातारीनं चालत्या गाडीतून उडी मारली. तुम्ही हो म्हणालात तर..."

"मी हो म्हणणार नाही, कृष्णात. तुम्ही सांगा खरं काय ते. नाहीतर मी सांगेन."

तो उठला. व्हरांड्याच्या टोकाला पोलीस जमादार उभा होता. कृष्णात त्याच्याकडे चालत गेला, आणि बहिरा माणूस बोलतो तशा मोठ्या आवाजात त्यानं सगळं सांगितलं. ऐकू येत नाही इथपासून दाखल्यापर्यंत. व्हरांड्यातली माणसं वळून बघत होती. उल्कानं डोळे मिटून घेतले.

नवव्या दिवशी म्हातारी गेली.

कृष्णातचं लायसन गेलं, गाडी पोलीस चौकीच्या आवारात धूळ खात पडली. जामिनावर सुटल्यावर म्हातारीच्या मुलाला भेटायला जायचं त्यानं ठरवलं. मुलाचं नाव दीनानाथ. तो मयूर विहारला तिसऱ्या मजल्यावर राहत होता.

"मी येते," उल्का म्हणाली.

"तुम्ही कशाला शिव्या खायला?"

"तो काय बोलतो ते तुम्हाला समजायला नको?"

दीनानाथनं दार उघडलं, पण आत घेतलं नाही. डोकं नुकतंच मुंडण केलेलं होतं. कृष्णात हात जोडून म्हणाला, "गलती मेरी थी. माँजी की नहीं." एवढं बोलून त्यानं मान खाली घातली, ती वर उचललीच नाही. दीनानाथ थोडंच बोलला, आरडाओरडा न करता. मग दार लागलं.

"काय म्हणाले ते?" जिन्यात कृष्णातनं विचारलं.

माफ केलं म्हणाले... असं सांगता आलं असतं. उल्काच्या जिभेवर ते आलंही होतं. त्याचा चेहरा असा झाला होता, की एवढं खोटं त्याला औषधासारखं लागलं असतं.

तिनं त्याची हनुवटी वर केली, म्हणजे तिचं तोंड त्याला नीट दिसेल.

"म्हणाले, आई शेवटपर्यंत एकच विचारत होती. त्या मुलानं मागे वळून का नाही पाहिलं?"

कृष्णात पायरीवर बसला. त्याचे खांदे हलत होते. रडण्याचा आवाज मात्र त्याला स्वतःला ऐकू येत नव्हता, त्यामुळे तो साऱ्या जिन्यात घुमला. उल्का शेजारी बसून राहिली.

"खोटं सांगितलं असतं तरी मला कळलं नसतं," शेवटी तो म्हणाला.

"माहीत आहे."

"मग?"

"आज एक सांगितलं असतं, तर उद्या दुसरं सांगावं लागलं असतं. तसा संसार मला करायचा नाही."

तो तिच्या ओठांकडे बघत राहिला. वाचण्यात चूक झाली असावी असं त्याला वाटलं. "परत म्हणा."

"संसार," ती सावकाश म्हणाली. "बदलीचा अर्ज मी काल मागे घेतला. बाबा तीन दिवस बोलले नाहीत माझ्याशी. बोलतील कधीतरी."

"मला शिक्षा होईल, उल्का. सुटून आल्यावर कामधंदा नाही. थोडं ऐकू येतंय तेही राहायचं नाही."

"मग मी सांगेन तुम्हाला. जे असेल ते."

ऑगस्टात त्यांनी रजिस्टर लग्न केलं. बाबा पुण्याहून आले नाहीत. हिंमतराव आले. नोव्हेंबरात कृष्णात आठ महिन्यांसाठी तुरुंगात गेला.

पण त्या दुपारी ते सगळं पुढचं होतं. दोघं जिना उतरून मोठ्या रस्त्यावर आली. उन्हाळ्याची भाजून काढणारी लू वाहत होती, बसस्टॉप लांब होता, आणि मागून ट्रक, स्कूटर, बस हॉर्न वाजवत अंगावर येत होत्या. उल्कानं त्याच्या कोपराला धरून त्याला आतल्या बाजूला घेतलं आणि स्वतः वाहनांच्या बाजूनं चालू लागली.