भिंतीवरचे हळदीचे हात

काचेपलीकडच्या भिंतीवरचा सगळ्यात वरचा हात लाल झाला होता.

स्वरदा जागच्या जागी थबकली. कालच तर चंद्रावरच्या त्यांच्या वस्तीत नवं बागघर तयार झालं होतं. घर चंद्रावर असलं म्हणून काय झालं, हळदीचे हात लावायलाच हवेत, असं आजोबांचं म्हणणं. त्यांनी बाभळीचा डिंक पाण्यात भिजवला, त्यात हळद कालवली आणि दाट रंग केला. डिंकामुळे रंग भिंतीला धरून राहतो. मग स्वरदाने हात पोचला तिथे, आणि नाही पोचला तिथे शिडीवर चढून, ठसे उठवले. सगळे पिवळेधमक.

आता बागघरात चिटपाखरूही नव्हतं. तरी ती बघत असतानाच दुसरा ठसा आधी तांबूस झाला, मग लालभडक. मग त्याच्या खालचा. न दिसणारं कुणीतरी एकेका ठशावर हात टेकवत छतावरून खाली उतरत होतं जणू. वाफ्यातलं पालकाचं एक पानही हलत नव्हतं.

"आजोबा, आत कुणीतरी आहे," ती कुजबुजली.

आजोबा रसायनशास्त्रज्ञ, भुताखेतांशी त्यांचं कधी जमलं नाही. तरी भिंत पाहून तेही काचेजवळ सरकले. "ढब्बू, आतली हवा कशी आहे?" त्यांनी विचारलं.

ढब्बू म्हणजे वस्तीची काळजी वाहणारा यंत्रमानव. "हवा शुद्ध आहे," तो खुशीत म्हणाला.

"स्वरदा, तुझ्या नखांत अजून हळद आहे. तिला जरा साबण लाव बघू," आजोबा म्हणाले.

तिने लावला. नखं लाल झाली. ती घाबरून हात झटकू लागली.

"अगं, सदऱ्यावरचा हळदीचा डाग साबणाने असाच लाल होतो. हळदीतलं रंगद्रव्य (रंग देणारा पदार्थ) हे दर्शक आहे. दर्शक म्हणजे समोर काय आलंय ते आपला रंग बदलून सांगणारा पदार्थ. आम्लारी (लिंबासारख्या आंबट पदार्थांच्या उलट गुणाचा पदार्थ, जसा साबण किंवा चुना) भेटला की हळद लाल होते."

"पण आत साबण कुणी लावला?"

"कुणीच नाही. म्हणजे हा आम्लारी गुणाचा वायू असणार. वरचे हात आधी लाल झाले, म्हणजे तो हवेपेक्षा हलका आहे आणि छताशी साठतोय." बोलता बोलता आजोबांचा चेहरा उतरला. "अमोनिया. भिंतीमागच्या थंडाव्याच्या नळ्यांत तोच भरलाय. नळी गळतेय. छातीत गेला तर जीवावर बेतेल."

तेवढ्यात ढब्बू म्हणाला, "सुनेत्राताई दाबखोलीत (बाहेरून आत येताना हवेचा दाब सारखा करायची खोली) आल्या आहेत. बागघराचं दार उघडतोय."

सुनेत्रा म्हणजे स्वरदाची आई. स्वरदाने झडप घालून बोलण्याचं बटण दाबलं. "आई, शिरस्त्राण काढू नकोस. आत विषारी वायू आहे."

"अगं, ढब्बू तर हवा ठीक आहे म्हणतोय. मी दमलेय राणी, खेळ नको."

आईचं बरोबरच होतं. ढब्बू खोटं कशाला बोलेल? स्वरदाने भिंतीवर नजर फिरवली आणि तिला कारण दिसलं. वायू हुंगणारी ढब्बूची जाळी त्याच भिंतीत होती, आणि तिच्यावर स्वरदाचाच जाडजूड ठसा वाळून बसला होता. डिंकाने जाळीची सगळी भोकं बुजली होती.

"आई, ढब्बूचं नाक मी हळदीने बंद केलंय. तो कालचीच हवा हुंगतोय. खरंच सांगते, ये ना मागे."

शेवटचा, जमिनीलगतचा ठसाही लाल झाला.

"बरं," आई म्हणाली. "ढब्बू, हे दार बंदच ठेव. मी मागच्या दाराने येते."

आजोबांनी नळ्या बंद केल्या, हवा गाळणारे पंखे लावले. स्वरदा काचेला नाक लावून उभी राहिली. वायू निघून जाऊ लागला, तसे हात हळूहळू पुन्हा पिवळे झाले.

"आजोबा, गोकर्णाची निळी फुलंही अशी बोलतात?"

"लिंबू पिळलं की गुलाबी होतात. खोलीखोलीत वेगवेगळ्या फुलांच्या रंगाचा एक पट्टा काढला, तर भिंतीच आपली राखण करतील. फक्त जाळ्या सोडून रंगवायचं हं."

आई आली आणि तिने स्वरदाला घट्ट कवेत घेतलं. बराच वेळ सोडलंच नाही.

"अमोनियाने डोळ्यांत पाणी येतं," ती डोळे पुसत म्हणाली.

"तू आत गेलीच नाहीस," आजोबा म्हणाले.