चारमाही झरा

हातात रिकामी बाटली घेऊन ती कोरड्या ठणठणीत दगडांसमोर उभी होती, तेवढ्यात मागून कोणीतरी विचारलं, "बारमाही झरा शोधताय का?"

तिने वळून पाहिलं. खाकी शर्ट, दोन्ही हातांत पाण्याचे कॅन, कपाळावर घाम आणि मिशीत दाबलेलं हसू... या जंगलाचा वनरक्षक. तिने माहितीपत्रक पुढे केलं. त्यात छापलेलं होतं : 'तंबूच्या माळालगत बारमाही झरा आहे.'

"पाठ आहे मला ते," तो म्हणाला. "ज्या शहाण्याने हे छापलं ना, तो एकदा भेटू दे. त्यालाच हे कॅन उचलायला लावतो."

तो शहाणा म्हणजे तीच होती.

ती छापखान्यात मुद्रितं तपासायची. तिच्या नजरेतून साधा अनुस्वार निसटत नसे, म्हणून सगळे तिला 'भिंग' म्हणत, आणि तिला ते मनातून आवडायचं. गेल्या हिवाळ्यात हे पत्रक तिच्या टेबलावर आलं, तेव्हा हाताने लिहिलेल्या मूळ कागदावर स्वच्छ 'चारमाही झरा' असं होतं. असा कुठे शब्द असतो का! जंगलातल्या माणसाचं शुद्धलेखन म्हणायचं आणि सोडून द्यायचं, असं म्हणत तिने च चा ब केला होता. कागदाच्या तळाशी 'शंका असल्यास विचारणे' असं लिहून फोन नंबरही दिला होता. पण भिंगाला शंका येईल कशाला?

"तुम्ही काय करता?" त्याने सहज विचारलं.

"शाळेत... शिकवते." जीभ अशी कशी वळली, तिचं तिलाच कळलं नाही.

"म्हणजे बाईच की," तो म्हणाला आणि पुढे चालू लागला.

तंबूच्या माळावर पोचेपर्यंत त्याने तिला चौदा वेळा तरी बाई म्हटलं असेल, आणि प्रत्येक वेळी तिला कोणीतरी कान पिळल्यासारखं वाटत होतं. एरवी वाट मोठी गोड होती. पायाखाली वाळकी पानं चुरचुरत होती, सावलीत गार वाऱ्याची झुळूक येत होती, आणि तो मधेच थांबून काटेरी फांदी बाजूला धरत होता. ती जवळून जाताना तो मुद्दाम दुसरीकडे पाही... तेही तिच्या लक्षात आलंच.

तंबूची दोरी तिला काही केल्या जमेना.

"बाई, ही गाठ आहे की परीक्षेतला प्रश्न?"

"सोडवून दाखवा. पास करते."

त्याने गाठ सोडवली. सोडवताना बोटांना बोटं लागली, आणि दोघांनीही ती काढून घ्यायला जरा उशीरच केला.

मग चुलीचे दगड मांडता मांडता त्याने सांगितलं, की हा झरा वर्षाला चार महिने वाहतो, म्हणून इथले सगळे त्याला चारमाहीच म्हणतात. पत्रक आल्यापासून लोक पाणी न घेता वर येतात, म्हणून तो रोज कॅन वाहतो. गेल्या महिन्यात एका निवृत्त पोस्टमास्तरांच्या बायकोला इथेच भोवळ आली. त्याने त्यांना पाठुंगळी घेऊन खाली नेलं, म्हणून बरं. पण साहेब म्हणाले, मजकूर तुझा, चूक तुझी. लिहून दिलेल्या कागदाची त्याच्याकडे नक्कल नव्हती. सोमवारी कार्यालयात उभं राहायचं होतं, आणि बदली लाकडाच्या डेपोत होणार हे ठरल्यातच जमा होतं.

"अकरा वर्षं या झाडांत काढली मी, बाई. तिथे झाडं असतात, पण आडवी."

मूळ कागद तिच्या टेबलाच्या खणात होता. धरणीने पोटात घेतलं तर बरं, असं तिला वाटलं. सांगायला तिने दोनदा तोंड उघडलं. दोन्ही वेळा तो तिच्याकडे पाहून हसला, आणि ती भलतंच काहीतरी बोलली.

सकाळी तो पुन्हा पाणी घेऊन आला. कालच्यापेक्षा लवकर, आणि दाढी करून. ते पाहून तर तिला रडूच आलं.

"मी बाई नाही," ती म्हणाली. मग छापखाना, भिंग, तो च, तो ब, खणातला कागद... सगळं खाली मान घालून सांगून टाकलं.

"काल का नाही बोललात?"

"तुम्ही हसत होतात. मला ते... घालवायचं नव्हतं."

तो कॅनच्या झाकणाशी चाळा करत राहिला. "चूक कोणाचीही होते," तो शेवटी म्हणाला. "पण च तुम्हाला नीट दिसला होता. माझ्यासारख्याला काय कळतंय, म्हणून बदललात." एवढं बोलून त्याने तिची बाटली काठोकाठ भरली आणि तो उतरून गेला.

सोमवारी ती कागद घेऊन साहेबांसमोर उभी राहिली. सगळ्या कार्यालयाच्या देखत साहेबांनी तिची खरडपट्टी काढली, आणि तिने ती निमूटपणे ऐकून घेतली. बदली टळली. तो खिडकीपाशी उभा होता. त्याने तिच्याकडे पाहिलं आणि पुन्हा बाहेर नजर वळवली. परतताना बसमध्ये तिला स्वतःचीच इतकी लाज वाटत होती, की शेजारच्या बाईने वेळ विचारली तरी तिने माफी मागितली.

छापखान्यात तिने सगळं खरं सांगितलं. पुढे कोणी भिंग म्हटलं, की ती नको म्हणायची.

दोन महिन्यांनी नव्या पत्रकाचा मजकूर आला. तेच हस्ताक्षर. 'चारमाही' खाली दोन जाड रेघा. तळाशी 'शंका असल्यास विचारणे' आणि नंबर. त्याच्याही खाली, अगदी बारीक अक्षरात एक ओळ :

'झरा चारमाही. वाट पाहणे बारमाही.'

तिने ती ओळ पाच वेळा वाचली. मग तिने आयुष्यात पहिल्यांदा मजकुराखालचा नंबर फिरवला.

"एक शंका होती," ती म्हणाली. "शेवटच्या ओळीत... तो ब आहे की च?"

पलीकडे कॅन खाली ठेवल्याचा आवाज आला.

"ब आहे," तो म्हणाला. "या वेळी लिहिलंय तसंच राहू द्या, बाई."