चौथ्या वळणावरच्या सायकली

नाशिकच्या कालव्यालगतच्या सामाईक वाटेवर सायकलची घंटी वाजायची बंद होऊन तीन वर्षं झाली होती. चालणारे आणि सायकलवाले त्याच वाटेनं जात, पण कोणी कोणाला हाक देत नसे. चालणाऱ्याच्या मनगटावर एक पट्टा असे. मागून सायकल आली की तो हलकेच थरथरे, माणूस डावीकडे सरके आणि सायकल आपला वेग आपणच सावरून उजवीकडून निघून जाई. या सोयीचं नाव ‘वाटसाथ’. ती आल्यापासून कोणाला साधा धक्काही लागला नव्हता.

वाटसाथ घडवणाऱ्या अभियंता इरावती सोनटक्के मात्र एका गोष्टीनं कोड्यात पडल्या होत्या. रोज सकाळी सातच्या सुमारास चौथ्या वळणावर सायकली अडून बसत. शेवटी एका मंगळवारी त्या स्वतःच सायकल घेऊन तिथं गेल्या.

वळणावर त्यांचीही सायकल थबकली. पुढं एक वयस्कर गृहस्थ वाटेच्या मधोमध रमतगमत चालले होते. मनगट मोकळं. पट्टा नसलेला माणूस कुठं वळेल हे यंत्राला कळत नसे, म्हणून ते सायकल थांबवी.

“काका, पट्टा विसरलात का?”

“खिशात आहे की,” ते वळून हसले.

दौलतराव खैरनार. एसटी स्टँडवर तीस वर्षं ध्वनिक्षेपकावरून गाड्या पुकारलेला माणूस. बायको गेल्यापासून घरात एकटेच.

“पट्टा बांधला की सगळे शिस्तीत निघून जातात,” ते म्हणाले. “त्यांची चूक नाही हो. पण नसला की थांबावं लागतं. कोणी चिडतं, कोणी ‘सरका’ म्हणतं. काल एका मुलीनं विचारलं, पाय दुखतोय का? तेवढं मला दिवसभर पुरलं.”

पुढच्याच आठवड्यात सुधारित वाटसाथ येणार होती. ती नुसत्या चालीवरून माणसाचं पुढचं पाऊल ओळखणार होती. पट्टा असो नसो, कोणतीच सायकल आता अडणार नव्हती.

सोमवारी तिची चाचणी घ्यायला इरावती त्याच वाटेनं निघाल्या. दौलतरावांनी त्यांना ओळखलं, हात वर केला. “अहो ताई—”

सायकलनं सफाईदार वळसा घेतला आणि ब्रेकवर बोटं जाईपर्यंत इरावती कितीतरी पुढं गेल्या होत्या. त्यांनी मागं पाहिलं. दौलतरावांचा हात अजून वरच होता. त्या पायी परत आल्या.

“यंत्र छान जमलंय,” दौलतराव म्हणाले. “आलात कधी, गेलात कधी, कळलंसुद्धा नाही.” आवाजात तक्रार नव्हती, आणि तेच इरावतींना लागलं.

त्या दिवशी त्यांनी यंत्रात एक अट घातली. चालणारा माणूस जवळ आला की सायकलचा वेग पावलांइतका होईल, आणि स्वार तोंडानं काहीतरी बोलल्याशिवाय तो वाढणार नाही.

“लोक वैतागतील,” वरिष्ठ श्रोत्री म्हणाले.

“एक महिना द्या, सर. नंतर मीच काढून टाकीन.”

लोक वैतागलेच. कोणी नुसतं ‘हं’ करून सुटका करून घेई, एकानं तर पाढे म्हटले. पण तिसऱ्या आठवड्यात ‘आजी, उजवीकडून येते हं, सावकाश चाला’ असं ऐकू यायला लागलं. चालणारेही मान वळवून उत्तर देऊ लागले. दौलतराव आता वाटेच्या डाव्या कडेनं चालत.

महिना संपला. कबूल केल्याप्रमाणे इरावतींनी अट काढली आणि दुसऱ्या सकाळी त्या दौलतरावांबरोबर चालायला आल्या. पहिली सायकल मुकाट्यानं गेली. दुसरीही. दौलतरावांची पावलं मंदावली. इरावतींनी खाली मान घातली.

तिसरी सायकल मागं हळू झाली.

“काका, मी उजवीकडून आलो बरं का! तब्येत काय म्हणते?”

“ठणठणीत!” दौलतराव स्टँडवरच्या त्या जुन्या आवाजात गरजले. कालव्यापलीकडच्या दोघांनी वळून पाहिलं.

सायकल दिसेनाशी झाल्यावर त्यांनी हळूच विचारलं, “याला तुमच्या यंत्रानं बोलायला लावलं ना?”

“नाही काका. ती अट मी कालच काढली. तो आपणहून बोलला.”

दौलतराव जागीच थांबले.

“मग ताई,” ते म्हणाले, “उद्याही बोलेल का हो तो?”