वारसाचं रडणं

आमच्याकडे बाप मेल्यावर जन्मलेल्या मुलाला आधी रडून दाखवावं लागतं. बाळंतिणीच्या खोलीच्या चारही भिंतींपलीकडे एकेक साक्षीदार उभा करतात. चौघांनी रडणं ऐकलं तर वारस जन्मला. एकानेही नाही म्हटलं, तर कुणी जन्मलंच नाही.

आमचे काउंट वोल्फराट उन्हाळ्यात तापाने गेले. घराण्याचा शेवटचा पुरुष गेला की त्याची ढाल फोडून त्याच्याबरोबर पुरतात, वंश तिथे संपतो. त्यांच्या बहिणीचा नवरा सिझो याला गढी हवी होती, म्हणून त्याने तेही उरकून घेतलं. काउंटीणबाई युट्टा तेव्हा पोटुशी होत्या. मी म्हटलं, थोडं थांबा.

"कारभारी, पोटातल्याला ढाल पेलते का?" सिझो हसला.

मेल्याची जीभ झडो, असं मनात आलं.

नोव्हेंबरात बाईसाहेबांना कळा सुरू झाल्या. माझ्या वाट्याला चौथी भिंत आली, प्रार्थनाघराच्या बाजूची. सिझो माझ्यावर लक्ष ठेवायला आलाच. सकाळचं फिकट ऊन फरशीवर पडलं होतं. मेणाचा आणि ओल्या चुन्याचा वास येत होता. भिंतीला कान लावून मी सुईण गिझलाचं "जोर करा, बाई" ऐकत होतो.

मग पलीकडे सगळं शांत झालं. ती शांतता लांबत गेली.

सिझोने हातमोजे चढवले. "चला. बाईसाहेबांचं सामान मठात धाडायची तयारी करा."

तेवढ्यात रडणं आलं. खणखणीत, रागीट. खरं सांगतो, माझे डोळे भरून आले.

मग लक्षात आलं, भिंतीला लावलेल्या कानाला काहीच ऐकू येत नव्हतं. आवाज दुसऱ्या कानात येत होता. मागून. फरशीखालून.

तिथे फरशीत वोल्फराटांचं थडगं होतं; त्याच्या शिळेवरची धूळ थरथरत होती.

बाकीच्या भिंतींकडून एकेक आरोळी आली, "ऐकलं!" आता माझी पाळी होती. सिझोने माझी बाही धरली. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"विगांट, खरं बोल. कुठून आलं?"

"कुठून ते कायदा विचारत नाही," मी म्हणालो आणि ओरडलो, "ऐकलं!"

आम्ही खोलीत गेलो. गिझला कोपऱ्यात उभी राहून छातीवर क्रूस काढत होती. "मी काही केलं नाही, कारभारी. मी अजून त्याला थोपटलंसुद्धा नव्हतं."

"या भावोजी," बाईसाहेब म्हणाल्या. "तुमचे धनी बघा."

पोर गुलाबी होतं, अंगाने भरलेलं. मुठी आवळलेल्या, तोंड सताड उघडं, गळा थरथरत होता. आवाज मात्र प्रार्थनाघराच्या भिंतीपलीकडून येत होता.

सिझो गुडघ्यांवर बसला. ताबेदारीच्या रिवाजाप्रमाणे त्याने जोडलेले हात त्या इवल्या मुठींपुढे धरले.

बाईसाहेबांनी बाळाला छातीशी घेतलं. ते चुटुचुटु पिऊ लागलं, डोळे मिटले.

पलीकडचं रडणं थांबलं नाही.

बाईसाहेबांनी भिंतीकडे मान वळवली.

"कारभारी," त्या हळूच म्हणाल्या, "तिकडच्याला कोण पाजणार?"